शुद्धिपत्र

खजुरी बाजारातल्या चौरसियाजींनी तीनशे प्रती छापल्या.
मुखपृष्ठावरचा गुरू ग्रह
शाई जास्त झाल्यामुळे
थोडा जिलबीसारखा आलाय.
ते म्हणाले, "मॅडम, ऊपर कौन देखने जा रहा है?"
मला पटलं नाही, पण पैसे आधीच दिले होते.

एकोणनव्वद गेल्या. त्यातल्या चौसष्ट भेट.
दोनशे अकरा दिवाणात,
गोधड्यांच्या जागी. गोधड्या कपाटावर.
नवरा हिशेब विचारत नाही,
फक्त थंडी पडली की वर बघतो.

दिवसा मी पॅथॉलॉजीत रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
रात्री साडेदहानंतर यान चालवते:
दोन हजार माणसं, एकशे चाळीस वर्षांचा प्रवास,
जे निघाले ते पोचणार नाहीत,
जे पोचतील त्यांना निघालेलं आठवणार नाही.
सुचलं कुठून, असं विचारतात.
कुठून म्हणजे?
आमचे झोकरकर घोड्यावर बसून नर्मदा उतरले,
मोहीम आटपली की परत येतो म्हणाले.
अजून इथेच आहोत, रामबागेत,
"काय करून राहिलीस?" असं एकमेकींना विचारत.
आणि पुण्याहून अभिप्राय येतो
की कल्पना बरी, पण भाषेला हिंदीचा वास.
अहो, यानातली हवा आहे ती.
आठ पिढ्या तीच गाळून गाळून घेतोय.

प्रसिद्धीचं शास्त्र भाच्यानं शिकवलं.
राजवाड्यासमोर स्कूटरचं हेल्मेट घालून उभी राहिले,
काच खाली ओढून.
बेचाळीस जणांनी पाहिलं.
एकानं विचारलं, हेल्मेट केवढ्याला.
रोजचे नव्व्याण्णव भरून जाहिरात दिली,
ती साडेसातीवर उपाय शोधणाऱ्यांकडे गेली.
गणपतीत समाजाच्या हॉलमध्ये टेबल मिळालं,
डावीकडे कर्पेबाईंची भाजणी, उजवीकडे मोत्यांचे सर,
वर पाटी: विज्ञान (शालेय).
"अनुवाद आहे का हो?"
"स्वतः? अगं बाई."
"यात परिक्रमेचं काही आहे का?"
संध्याकाळपर्यंत भाजणी संपली.
कर्पेबाईंनी माझ्या गठ्ठ्यावर सुटे पैसे मोजले,
म्हणाल्या, उंची छान आहे.

मग मार्गशीर्षात बार्शीहून फोन.
हणमंत ढेंबरे, एसटीच्या आगारात मेकॅनिक.
पुस्तक सोलापूरच्या गाडीत सापडलं,
मागच्या सीटखाली, कुणीतरी विसरलेलं.
पहिल्या पानावर माझीच सही, "सप्रेम".
नाव कुणाचं ते मी विचारलं नाही.
"ताई, पान एकशे त्र्याऐंशी.
हवेच्या खोलीचं दार बाहेर उघडतंय तुमचं.
आतला दाब ढकलत असतोय की त्याला.
ते आत उघडणारं पायजे,
मग दाबच दार बसवून धरतो, कडीसुद्धा लागत नाय.
नायतर ती पोरगी तिथंच गेली बघा,
आन् पुढची शंभर पानं रिकामी."

मी रिसीव्हर धरल्यासारखा मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता.
चौसष्टांपैकी एकजणही
एकशे त्र्याऐंशीपर्यंत पोचला नव्हता.
"दुसरा भाग कधी येतोय?" त्यांनी विचारलं.
मागं कुणीतरी इंजिन रेटत होतं,
मला उत्तर दोनदा द्यावं लागलं.

आता रात्रीचे अकरा. दिवाणाची फळी उघडी.
काळं पेन. "बाहेर"वर काट,
वर बारीक अक्षरात "आत".
नवरा समोर बसून पानं काढून देतो,
फुंकर मारतो, मिटतो, रचतो.
एकशे तिसाव्या प्रतीला माझं अक्षर बिघडायला लागतं,
तो पेन मागतो. त्याचा "आ" माझ्यापेक्षा गोल.

"आणि गेलेल्या एकोणनव्वद?" तो विचारतो.

अठ्ठ्याऐंशी.
बार्शीची त्यांनी पेन्सिलीनं केलीय.